पत्ता उजवीकडून वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरात सरकारी कागद येतो कन्नडमध्ये आणि बँकेचा इंग्रजीत. अर्धामुर्धा अर्थ लागला की आपण पुढे जातो, नाहीतर नेट सेंटरवाल्याला विचारतो. त्यामुळे ठगांचा ईमेल ओळखण्यासाठी दिला जाणारा ‘भाषेच्या चुका असलेल्या ईमेलपासून सावध राहा’ हा ठरलेला सल्ला इथं फारसा कामाचा नाही. चूक दिसायला ती भाषा घरची लागते. शिवाय एआयकडून शुद्ध कन्नड आणि शुद्ध मराठी दोन्ही आता मिनिटात लिहून मिळतं.

पाठवणाऱ्याच्या नावावर तर मुळीच जाऊ नये. ईमेल पोचवण्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ मध्ये लिहिले गेले. तेव्हा कॉम्प्युटरच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, म्हणून नाव खरं की खोटं हे तपासायची सोयच त्यात ठेवली नाही. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या चाचण्या नंतर जोडल्या गेल्या. पण मेल अमुक डोमेनच्या (म्हणजे ईमेलमध्ये @ नंतर येणाऱ्या पत्त्याच्या) नावावर रीतसर निघालाय, एवढंच त्या सांगतात. ठगानं स्वतःचं डोमेन विकत घेतलं असेल तर तोही पास!

तेव्हा बघायचं ते डोमेन. समजा, कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार अडकलेत, केवायसी करा, असा मेल आला. लिंकवर बोट न मारता ते दाबून धरलं की खरा पत्ता दिसतो: ‘सेवासिंधू डॉट कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन डॉट अपडेट-केवायसी डॉट कॉम’. सेवासिंधू हे कर्नाटक सरकारचं सेवांचं संकेतस्थळ, त्यामुळे सुरुवात बघून कुणालाही खरंच वाटेल. पण टपालाच्या पत्त्यात जसं गल्ली, गाव, तालुका आणि शेवटी जिल्हा येतो, तसंच इथंही सगळ्यात मोठं ते शेवटी असतं. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्या आणि उजवीकडून वाचा. मालक निघाला ‘अपडेट-केवायसी डॉट कॉम’. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो. ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ शेवटी असेल तर ते सरकारचं. शेजारी कुलपाचं चित्र दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की मधल्या कुणाला तुमचं बोलणं वाचता येणार नाही. पलीकडे चोर बसला असेल तरी कुलूप दिसू शकतं.

बँकांपुरतं हे थोडं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं. आपल्याकडच्या अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकाही त्यात आल्या. क्रेडिट सोसायट्या मात्र बँका नव्हेत, त्यांना ते डोमेन मिळत नाही. काही रशियन अक्षरं इंग्रजी अक्षरांसारखीच दिसतात, तिथं डोळाही फसतो. पासवर्ड साठवून आपोआप भरणारं ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, फसत नाही. डोमेन जुळल्याशिवाय तो पासवर्ड आपोआप भरत नाही.

ओळख चोरीला जायला मात्र ईमेलच लागतो असं नाही. आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा, एवढ्यावर आधारच्या मशीनमधून पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. खरेदीखतावरचे ठसे चोरून असे पैसे काढल्याच्या तक्रारी २०२३ मध्ये कर्नाटकात आल्या होत्या. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक, म्हणजे बोटाचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या. काही ठिकाणी ते चालत नाही म्हणतील, तरी आधी विचारून बघायचं.

आणि पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन, मग बाकीची धावपळ. सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारं) पोलीस ठाणं कुठलं, खातं चंदगडच्या शाखेत आणि राहायला बेळगावात, मग तक्रार कर्नाटकात की महाराष्ट्रात, यात वेळ घालवू नका. हा नंबर देशभर एकच आहे. पैसा काही मिनिटांत तीन-चार खाती फिरतो आणि मधल्या एखाद्या खात्यात असेपर्यंतच तो अडवता येतो. बँकेलाही लगेच कळवा आणि तक्रारीचा नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये नियम केला होता, की तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.