सोल युगुलगीत

सोल युगुलगीत : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतात दोघांनी, बहुतेक वेळा एका स्त्रीने आणि एका पुरुषाने, मिळून गायलेले गीत. साधारण १९६० ते १९८० ही वीस वर्षे त्याच्या भरभराटीची. डेट्रॉइटची मोटाऊन, मेम्फिसची स्टॅक्स आणि न्यू यॉर्कची अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी हा प्रकार घडवला. मराठी कानाला युगुलगीताची वाटणी ओळखीची असते : एक कडवे त्याचे, एक तिचे, ध्रुवपद दोघांचे. सोलमध्ये हद्द इतकी आखीव नसते. एकाची ओळ पुरी होण्याआधीच दुसरा आत येतो, हुंकार भरतो, नाव घेऊन हाक मारतो, कधी समोरच्याचा शब्द उचलून तोच वेगळ्या सुरात परत करतो. ही देवघेव जमली की ऐकणाऱ्याला वाटते, या दोघांचे एकमेकांवर खरोखर प्रेम असले पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक गाजलेल्या जोड्यांत तसे काही नव्हते, आणि काही वेळा तर दोघे एका खोलीतही नव्हते. मग ते जमले कसे, हाच या प्रकारातला खरा अभ्यासाचा विषय आहे.

मूळ चर्चमध्ये आहे. गुलामगिरीच्या काळात आणि त्यानंतरही कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये स्तोत्रांची पुस्तके थोडी आणि अक्षरओळख असलेले लोकही थोडे. त्यामुळे पुढचा माणूस एक ओळ म्हणे आणि मंडळी ती लांबवून, घोळवून परत म्हणत. आपल्याकडे भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलावी, तसेच हे. प्रवचनातही तीच रीत होती. धर्मोपदेशक श्वास घ्यायला थांबला की ती फट समोरचे लोक मोकळी सोडत नसत. सोलचे बहुतेक गायक याच वातावरणात वाढले. मार्विन गे हा वॉशिंग्टनमधील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. डॉनी हॅथवे सेंट लुइसमध्ये आजीच्या हाताखाली लहानपणापासून धर्मगीते गात होता. रोबर्टा फ्लॅकची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. दुसऱ्याच्या ओळीला उत्तर द्यायचे असते, ही सवय या मंडळींना कोणी स्टुडिओत शिकवली नाही.

पहिली अडचण पट्टीची. पुरुष आरामात गातो ती पट्टी बाईला फार खाली पडते आणि बाईची पट्टी पुरुषाला झेपत नाही. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर एकाचा गळा काळी एकमध्ये खुलतो, दुसरीचा काळी चारमध्ये. सोलमध्ये यावर सर्रास वापरलेला तोडगा असा : पुरुषाने आपल्या आवाजाच्या वरच्या टोकाला गायचे आणि स्त्रीने आपल्या मधल्या-खालच्या भागात. दोन्ही आवाज एकाच सप्तकात समोरासमोर येतात. यातून एक सुंदर गोष्ट घडते. पुरुषाच्या आवाजात ताण येतो, तो आर्जव करतो आहे असे वाटते. स्त्रीचा आवाज मात्र स्थिर, जमिनीवर पाय रोवून उभा असल्यासारखा येतो. शब्द काहीही असोत, मागणारा कोण आणि ठरवणारी कोण हे स्वरच सांगून टाकतात.

दुसरी गोष्ट जागेची. मराठी गाण्यात ‘जागा’ म्हणजे ओळीतली ती फट, जिथे गायक हरकत घेतो. एकट्याच्या गाण्यात सगळ्या जागा त्याच्याच. युगुलगीतात आपली जागा समोरच्यासाठी सोडावी लागते, आणि मोठ्या गळ्याच्या गायकाला हेच सगळ्यांत अवघड जाते. १९६० साली डायना वॉशिंग्टन आणि ब्रूक बेंटन यांनी मर्क्युरी कंपनीसाठी ‘बेबी (यू हॅव गॉट व्हॉट इट टेक्स)’ गायले. त्यात दोघे एकमेकांच्या ओळींवर पाय देतात, आणि तू पुन्हा माझ्या जागेवर आलास असे ती गाता गाताच त्याला सुनावते. पुन्हा मुद्रण करता आले असते. केले नाही, चूक तशीच ठेवली, आणि ती मुद्रिका र्‍हिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. दोन माणसे एकाच वेळी एकमेकांना ऐकत आहेत याचा तो ध्वनिमुद्रित पुरावा होता, आणि लोकांना तोच भावला.

मार्विन गे आणि टॅमी टेरेल ही या प्रकारातली सर्वांत मोठी जोडी. बेरी गॉर्डीने १९५९ साली डेट्रॉइटमध्ये सुरू केलेल्या मोटाऊनचे काम वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरात चाले. मार्विनला तिथे आधी मेरी वेल्सबरोबर (१९६४) आणि मग किम वेस्टनबरोबर (१९६६) गायला लावले होते. ती गाणी चांगलीच आहेत, पण दोघे शेजारीशेजारी उभे राहून गात आहेत असे वाटते. टॅमी आल्यावर ते समोरासमोर आले. तिचे मूळ नाव थॉमसिना मॉंटगोमेरी, जन्म फिलाडेल्फियाचा, १९४५ चा. सोल गायक जेम्स ब्राऊनच्या ताफ्यात गाऊन ती १९६५ मध्ये मोटाऊनमध्ये आली होती.

त्यांचे पहिले गाणे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’, एप्रिल १९६७ चे. ते निकोलस अ‍ॅशफर्ड आणि व्हॅलेरी सिम्पसन या न्यू यॉर्कच्या तरुण जोडीने लिहिले. हे दोघेही हार्लेममधल्या एका चर्चमध्ये भेटलेले. मोटाऊनमध्ये शिरकाव मिळवायचा म्हणून त्यांनी हे गाणे जपून ठेवले होते. ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डने मागितले तेव्हाही दिले नाही. निर्माते हार्वे फुक्वा आणि जॉनी ब्रिस्टल. टॅमीने आपला भाग आधी एकटीने गायला, गेचा आवाज नंतर त्याच मुद्रणावर चढवला. म्हणजे ज्या गाण्यावरून ‘असे दोघे पुन्हा होणे नाही’ असे म्हटले जाते, त्यात ती गात होती तेव्हा समोर कोणीच नव्हते.

हे गाणे लक्ष देऊन ऐकावे. सुरुवात गे करतो, कानाशी बोलावे तितक्या हलक्या आवाजात. टॅमी आपली ओळ उचलते ती त्याच्यापेक्षा थोडी पुढे सरकून, ठेक्याच्या नेमकी डोक्यावर. तिच्या ओळीच्या शेवटी जेवढा श्वास मोकळा राहतो, तेवढ्यातच तो धीराचे दोन शब्द टाकतो आणि लगेच बाजूला होतो. तो मागाहून गायला, म्हणून तिचे श्वास त्याला आधीच माहीत होते. तिच्या प्रत्येक थांब्यावर काय करायचे ते त्याने तिचा आवाज ऐकून ठरवले. एका अर्थी ही एकतर्फी साथ आहे, तबलजीने मुद्रित गाण्यावर ठेका धरावा तशी. पण टॅमीनेही गाताना त्या फटी मोकळ्या सोडल्या होत्या. कोणी तरी उत्तर देणार आहे हे धरून ती गायली. माझ्या मते तिची थोरवी तिथे आहे, आणि या जोडीचे श्रेय वाटताना ती सहसा गेच्या सावलीत राहते हा तिच्यावर अन्याय आहे.

गाणे पॉप यादीत १९ व्या क्रमांकापर्यंतच गेले. तीन वर्षांनी डायना रॉसने एकटीने गायलेले तेच गाणे पहिले आले. मोटाऊनमध्ये त्या दोघांची पुढची गाणी मात्र वर चढत गेली. ‘युअर प्रेशस लव्ह’ पाचवे आले. १९६८ ची ‘एन्ट नथिंग लाइक द रिअल थिंग’ आणि ‘यू आर ऑल आय नीड टू गेट बाय’ ही दोन्ही र्‍हिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिली. या शेवटच्या दोन गाण्यांची निर्मिती अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसन यांनी स्वतः केली आणि चर्चचा रंग त्यांत उघड आला. ‘यू आर ऑल आय नीड’ च्या शेवटी मागचा वाद्यवृंद आणि समूहस्वर मिळून अक्षरशः प्रार्थनासभा भरते.

तोवर टॅमी आजारी पडली होती. १४ ऑक्टोबर १९६७ रोजी व्हर्जिनियातील हॅम्पडन-सिडनी कॉलेजमध्ये कार्यक्रम चालू असताना ती गेच्या हातांवर कोसळली. मेंदूत गाठ निघाली. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्या संग्रहातील काही गाणी तिच्या जुन्या एकल मुद्रणांवर गेचा आवाज चढवून पुरी केली गेली. १९६९ च्या ‘ईझी’ या तिसऱ्या संग्रहात तिचा आवाज किती आणि तिच्यासाठी नमुना म्हणून गाणाऱ्या व्हॅलेरी सिम्पसनचा किती, यावर आजही वाद आहे. बरेचसे सिम्पसननेच गायले असे गेने सांगितले होते. आपण फक्त वाट दाखवण्यापुरते गायलो, असे सिम्पसनचे म्हणणे. टॅमी १६ मार्च १९७० रोजी, चोविसाव्या वर्षी वारली. गेने काही वर्षे रंगमंचावर गाणेच सोडले. १९७३ साली डायना रॉसबरोबर त्याचा आणखी एक संग्रह निघाला. दोन्ही गळे नामांकित, वाद्यमेळ उत्तम, तरी त्यात दोघेही आपापली बाजू सांभाळून गातात. कोणी कोणाला जागा देत नाही.

मेम्फिसमध्ये वारे वेगळे होते. स्टॅक्सचा स्टुडिओ मॅक्लेमोर अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात होता. सगळे वादक एकत्र वाजवत, चकचकीतपणाची हौस कोणाला नव्हती. या कंपनीला पहिले नाव मिळाले तेही एका युगुलगीताने, आणि ते प्रियकर-प्रेयसीचे नसून बापलेकीचे होते : १९६० साली रूफस थॉमस आणि त्याची मुलगी कार्ला यांनी गायलेले ‘कॉज आय लव्ह यू’. पुढे १९६७ मध्ये स्टॅक्सचा संस्थापक जिम स्टुअर्टने कार्लाला ओटिस रेडिंगबरोबर उभे केले आणि ‘किंग अँड क्वीन’ हा संग्रह निघाला. ओटिस जॉर्जियाचा, रांगडा, शब्द तोडून-चावून गाणारा. कार्ला हॉवर्ड विद्यापीठात शिकणारी, नीटस आवाजाची. सुटीत घरी आली असताना हे मुद्रण उरकले. काही गाणी दोघांनी एकत्र गायली, काही नंतर आवाज चढवून पुरी केली गेली.

यातले ‘ट्रॅम्प’ गाणे कमी आणि भांडण जास्त आहे. ती त्याला गावंढळ ठरवते, त्याच्या कपड्यांची आणि केसांची उणीदुणी काढते. तो शांतपणे कबूल करतो आणि वर आपण प्रेमिक म्हणून कसे भारी आहोत ते सांगतो. ढोलाचा ठेका उघडा, स्वर जवळजवळ बोलण्याचे. तमाशातल्या सवाल-जवाबाची गोडी ज्याला आहे त्याला हे एका ऐकण्यात कळेल. इथे पुरुषाने शेवटपर्यंत जिंकू नये यात मजा आहे, आणि ओटिसला हे बरोबर ठाऊक होते. कार्लाचा टोला लागला की तो क्षणभर थांबतो आणि टोला पोचू देतो. पुढच्या काळात ही जोडी कुठवर गेली असती हा विचार मनात येतोच. त्याच वर्षी १० डिसेंबरला विस्कॉन्सिनमध्ये विमान तळ्यात कोसळून ओटिस गेला. वय सव्वीस.

स्टॅक्सचेच सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर हे दोघे पुरुष. ‘होल्ड ऑन, आय एम कमिंग’ (१९६६) आणि ‘सोल मॅन’ (१९६७) ही त्यांची गाणी. सॅमचा आवाज वरचा, डेव्हचा भरदार. मंचावर दोघे घामाघूम होईपर्यंत एकमेकांना पुढे ढकलत, आणि मंचामागे अनेक वर्षे एकमेकांशी बोलतही नसत. सूर जुळायला मैत्री लागते असे मानणाऱ्यांनी ही मुद्रिका जरूर लावावी.

रोबर्टा फ्लॅक आणि डॉनी हॅथवे यांची गोष्ट याच्या उलट. दोघे हॉवर्ड विद्यापीठातले, दोघेही पियानोवर हात बसलेले. अटलांटिकने १९७२ मध्ये त्यांचा एकत्र संग्रह काढला. त्यातले ‘व्हेअर इज द लव्ह’ राल्फ मॅकडॉनल्ड आणि विल्यम सॉल्टर यांचे. त्याला ग्रॅमी मिळाले. टॅमी-मार्विनची गाणी सवालावर जवाब देत चालतात. हे दोघे मोठा भाग बरोबरीने, एकाच श्वासात गातात. शब्दाचा शेवटचा व्यंजन दोघांचा एकदम मिटतो. कंप एकाच गतीने सुटतो. दोन गळ्यांचा हा मेळ तालमीनेही साधत नाही इतका अवघड आहे, कारण त्यासाठी स्वतःच्या आवाजाची ओळख थोडी पुसावी लागते. डॉनीसारखा गवई, जो एकटा गाताना तानांचा पाऊस पाडी, तो तिच्यासोबत एकही ज्यादा हरकत घेत नाही. दुःखाचे गाणे असून दोघांपैकी कोणीच रडत नाही, म्हणून ते आजही जुने वाटत नाही.

डॉनीला मनोविकाराने ग्रासले आणि दोघांचे काम काही वर्षे थांबले. १९७८ मध्ये ‘द क्लोझर आय गेट टू यू’ गाजले आणि दुसरा संयुक्त संग्रह हाती घेतला गेला. १३ जानेवारी १९७९ रोजी न्यू यॉर्कमधील हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून डॉनीचा मृत्यू झाला. तोवर दोघांची दोनच गाणी पुरी झाली होती. रोबर्टाने संग्रह अर्धवट सोडला नाही. तो १९८० मध्ये ‘रोबर्टा फ्लॅक फीचरिंग डॉनी हॅथवे’ या नावानेच बाहेर आला. त्या दोन गाण्यांत तो आहे, बाकीची ती त्याच्याविना गायली आहे.