आवृत्तीतुलना (कल्पनारम्य भूमिकाखेळ)

भूमिकाखेळाच्या एका आवृत्तीचे नियम दुसरीच्या शेजारी ठेवून कोणते पात्र कुठे बलवान ठरते, लढत किती फेऱ्या चालते आणि मरण किती जवळ असते हे ताडून पाहण्याच्या अभ्यासाला आवृत्तीतुलना म्हणतात. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायच्या या खेळांत एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो; गोष्ट आणि राक्षस तो चालवतो. बाकीचे फायटर (योद्धा), विझार्ड (मंत्रज्ञ), क्लेरिक (पुरोहित), चोर अशी एकेक पात्रे चालवतात. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी मोडीत निघत नाही. तिची पुस्तके, तिच्यासाठी लिहिलेली साहसे आणि तिच्यावर जीव असलेले खेळाडू मागे राहतात, त्यामुळे ‘यातले बरे कोणते?’ हा प्रश्न दर पिढीला नव्याने पडतो.

या प्रकारातला मूळ खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत बाहेर पडला. १९७७ ते १९७९ या काळात ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मालिकेची तीन मुख्य पुस्तके निघाली, १९८९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने मूळ प्रकाशक टीएसआरला विकत घेतले; त्यानंतर २००० मध्ये तिसरी, २००३ मध्ये ३.५, २००८ मध्ये चौथी आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती आली. पाचवीचे सुधारित रूप २०२४ चे. ३.५ च्या पायावर पैझो कंपनीने २००९ मध्ये पाथफाइंडर हा वेगळा खेळ उभा केला.

ओगरची कसोटी

वेगवेगळ्या आवृत्त्यांतले आकडे थेट समोरासमोर ठेवले की फसगत ठरलेली. ओगर हा धिप्पाड राक्षस जवळजवळ सगळ्या आवृत्त्यांत आहे, म्हणून कसोटीला तो सोयीचा पडतो. दुसऱ्या आवृत्तीत त्याचा आर्मर क्लास, म्हणजे फटका चुकवण्याचा आकडा, ५ आणि हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, सरासरी १९. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९. वरवर पाहता नवा ओगर तिप्पट चिवट झाला.

आता झुंज मांडून पाहू. दुसऱ्या आवृत्तीत आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला, आणि थॅको नावाच्या आकड्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा; उरेल तेवढे फाशावर पडावे लागतात. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, फायटरचा थॅको २०. ताकदीचा वेगळा बोनस नसेल तर ओगरला फटका लावायला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १५ किंवा त्याहून जास्त हवेत. शंभरात तीस वेळा जमते. मोठ्या देहाच्या प्राण्यावर लाँगसोर्ड चालवताना बारा बाजूंचा फासा टाकतात, त्याची सरासरी साडेसहा. म्हणजे फेरीला जेमतेम २ हिट पॉइंट जातात आणि ओगर पडायला दहाएक फेऱ्या लागतात. पाचव्या आवृत्तीत त्याच फायटरच्या फाशात ५ मिळवले जातात आणि बेरीज आर्मर क्लासइतकी झाली की फटका बसतो; म्हणून ६ पडले तरी भागते, शंभरात पंचाहत्तर फटके बसतात. आठ बाजूंचा फासा अधिक ३, सरासरी साडेसात. फेरीला साडेपाचाच्या वर. ५९ उतरायला पुन्हा दहा-अकरा फेऱ्याच. सगळे आकडे बदलले आणि झुंजीची लांबी जिथल्या तिथे राहिली.

बदलला तो खेळाडूचा अनुभव. आधी दहापैकी सात फेऱ्या वाया जात, आता बहुतेक फेरीत काहीतरी घडते. मरणही लांबले. दोन्हीकडे ओगरच्या एका फटक्यात पहिल्या लेव्हलचा फायटर आडवा होऊ शकतो. पण दुसऱ्या आवृत्तीच्या मूळ नियमाने शून्यावर पात्र मेले, तर पाचवीत ते बेशुद्ध पडते आणि तीन अपयशी डेथ सेव्ह (मरण टाळण्यासाठी टाकायचे फासे) होईपर्यंत सोबत्यांना त्याला वाचवायची संधी असते.

हीच कसोटी फायरबॉल या आगीच्या मंत्राला लावली तर निकाल उलटा येतो. पाचव्या लेव्हलचा विझार्ड दुसऱ्या आवृत्तीत सहा बाजूंचे ५ फासे टाकतो, सरासरी साडेसतरा, आणि १९ हिट पॉइंटचा ओगर जवळपास संपतो. ३.५ मध्ये फासे तेवढेच, पण ओगरचे हिट पॉइंट २९. पाचवीत फासे ८, सरासरी २८, समोर मात्र ५९. फासे वाढले आणि मंत्राची धार निम्मी झाली. नव्या आवृत्तीत विझार्ड माजला आहे असे म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी करून पाहावा.

निसटून गेलेले नियम

तुलना करताना कोणते नियम आले हे सहज दिसते. कोणते गेले हे शोधावे लागते, आणि पात्रांमधल्या तोलाचा खरा उलगडा तिथे होतो. जुन्या आवृत्त्यांत मंत्र म्हणत असताना फटका बसला की मंत्र वाया जाई, त्यामुळे फायटर पुढे उभा राहिल्याशिवाय विझार्डचे चालत नसे. दुसऱ्या आवृत्तीत फायटरला मंत्राविरुद्धच्या सेव्हिंग थ्रोसाठी (मंत्राचा परिणाम टाळायला टाकायच्या फाशासाठी) पहिल्या लेव्हलला १७ लागत, सतराव्या लेव्हलला ६ पुरत. मंत्र टाकणारा कितीही हुशार असो, हा आकडा सहसा हलत नसे. तिसऱ्या आवृत्तीने सेव्हचे कठीणपण १० अधिक मंत्राची पातळी अधिक बुद्धीचा बोनस असे बांधले. विसाव्या लेव्हलच्या फायटरचा विल, म्हणजे मनोबळाच्या, सेव्हमध्ये फाशात मिळवायचा पाया केवळ ६ आणि समोरचा आकडा पंचविशीपार. मनावर ताबा घेणाऱ्या मंत्रापुढे सगळ्यांत शूर योद्धाच सगळ्यांत दुबळा ठरू लागला. माझ्या मते भूमिकाखेळाच्या इतिहासात फायटरवर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय आहे, आणि तो एका साध्या सूत्राने झाला.

अनुभवगुणांचेही (एक्सपी) तसेच. दुसऱ्या आवृत्तीत दुसरी लेव्हल गाठायला चोराला १,२५०, फायटरला २,००० आणि विझार्डला २,५०० एक्सपी लागत. दुबळे पात्र लवकर वर चढे, बलाढ्य होऊ घातलेले मागे राही. तिसरीने सर्वांना सरसकट १,००० केले. तक्ता सुटसुटीत झाला आणि महिनोन्महिने चालणाऱ्या मोहिमेत तोल सांभाळणारे एक वजन काट्यावरून उतरले.

चौथ्या आवृत्तीने तोल एका चकमकीत आणून बसवला. प्रत्येक पात्राला केव्हाही वापरायच्या, चकमकीत एकदा आणि दिवसात एकदा वापरायच्या शक्ती मिळाल्या. संरक्षक, प्रहारक, नेता, नियंत्रक अशी कामे वाटून दिली. लढाईपुरते बोलायचे तर इतकी समतोल आवृत्ती दुसरी नाही. सगळी पात्रे एकाच साच्यातली वाटतात ही तिच्यावरची तक्रारही रास्त आहे. पाचवीत तोल दिवसभराच्या खर्चावर आहे: २०१४ चे डीएमसाठीचे पुस्तक एका साहसदिवसात मध्यम किंवा कठीण अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरते. फायटर तासाभराच्या विश्रांतीत सावरतो, विझार्डला रात्रीची झोप लागते. शिवाय पाचवीत फाशात मिळवायचा प्रावीण्याचा बोनस वीस लेव्हलांत २ वरून फक्त ६ वर जातो, त्यामुळे प्लेट चिलखतातल्या नामांकित वीरालाही गॉब्लिनसारखा किरकोळ राक्षस शंभरात पस्तीस वेळा फटका लावतो. ३.५ मध्ये आर्मर क्लास ३० च्या वीरासमोर त्याच गॉब्लिनला थेट २० च टाकावे लागतात.

सोलापुरातील टेबल

आवृत्ती निवडताना ती कुठे आणि कोण खेळणार हे धरावेच लागते. सोलापूरसारख्या शहरात नोकरी-शिक्षणासाठी पुण्याला गेलेली मुले शनिवार-रविवारी घरी येतात आणि गट त्यांच्या येण्याजाण्यावर जमतो. या रविवारी पाच जण, पुढच्या रविवारी दोनच. तिसऱ्या आवृत्तीचे चॅलेंज रेटिंग (राक्षस किती कठीण हे सांगणारा आकडा) चौघांचा गट धरून केले आहे. दोघांवर तोच ओगर सोडला की हिशेब कोसळतो. तीन तासांच्या बैठकीत चकमकी होतात एक किंवा दोन, कारण मध्ये चहा, शेंगाचटणी-भाकरी आणि मराठी-तेलुगू-कानडीतली एकमेकांची खेचाखेची असते. मग पाचवीतला विझार्ड साठवलेले सगळे मंत्र पहिल्याच लढाईत उधळतो आणि फायटर चालवणारा हिरमुसतो. त्यावर उपाय आहे: बैठक संपली तरी साहसाचा दिवस संपवू नये, तो पुढच्या रविवारी तिथूनच चालू ठेवावा. दर वेळी कोण येईल याचा नेम नसेल तर प्रत्येक बैठकीअखेर गावात परतण्याची जुनी चाल जास्त सोयीची, कारण पुढच्या खेपेला जे हजर असतील ते निघतात.

पुस्तकांचा खर्च हाही मुद्दा आहेच. पाचवीचे मूलभूत नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले, म्हणून नव्या गटाला एकही पुस्तक न घेता सुरुवात करता येते.

किल्ल्याचे उदाहरण

सोलापुरातल्या डीएमला नकाशासाठी दूर जायला नको. भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी, खंदक आणि लगतचा सिद्धेश्वर तलाव एवढ्यावर एक साहस उभे राहते: रात्री तलावाच्या अंगाने शिरायचे आणि खजिना घेऊन बाहेर पडायचे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्याच १९८१ च्या बेसिक संचात (नवख्यांसाठीच्या सोप्या नियमांत) हे साहस म्हणजे वेळेचा हिशेब आहे. मशाल सहा टर्न, म्हणजे तासभर जळते, आणि दर दोन टर्नला भटका राक्षस येतो का हे फाशावर पाहतात. चौथ्या आवृत्तीत तोच किल्ला तीन-चार भव्य चकमकींचा होतो, एक दरवाजात, एक दोन तटांमधल्या अरुंद जागेत. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) प्रत्येकाला फेरीत तीन क्रिया असतात, त्यामुळे तटावर चढणे, वाकणे, बाण सोडणे यांचा क्रमच लढत ठरवतो.

जुने साहस नव्या नियमांत आणताना लोक राक्षसांचे आकडे बदलतात आणि बक्षिसाकडे दुर्लक्ष करतात. बेसिक संचात ओगर मारल्याचे १२५ एक्सपी, पण हजार सुवर्णमुद्रा सुखरूप बाहेर काढल्याचे हजार. म्हणून लढाई टाळणारा गट शहाणा ठरे. पाचवीच्या मूळ हिशेबात सोन्याला एक्सपी नाहीत आणि ओगर मारल्याचे ४५० मिळतात. तलावातून गुपचूप शिरलेल्या गटाच्या पदरी काहीच पडत नाही आणि तटावर धडक मारणारा गट वर चढतो. २०१४ च्या पुस्तकात टप्प्यानुसार लेव्हल देण्याचा पर्याय आहे. भुईकोटाच्या साहसाला तोच वापरावा: खजिना दरवाजाबाहेर आला की सगळ्यांची एक लेव्हल, आत कुणाशी लढले किंवा न लढले तरी.