रेशमी पिशवीतला वायू आणि कवींचे शब्द

साल १७९९. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये वायूंनी रोग बरे होतात का, हे तपासणाऱ्या एका संस्थेत हम्फ्री डेव्ही हा वीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ अमोनियम नायट्रेट तापवायचा, निघालेला वायू रेशमी पिशवीत भरायचा आणि स्वतःच हुंगायचा. हा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, आपला लाफिंग गॅस.

नाडीचे ठोके मोजता येत होते. पण आत काय वाटतं, ते कशाने मोजणार? डेव्हीने पिशवी कवींच्या हाती दिली. कोलरिजने सांगितलं, बर्फातून फिरून आल्यावर उबदार खोलीत शिरावं, तशी ऊब अंगभर पसरली. १८०० साली डेव्हीने आपल्या ग्रंथात हे अनुभव प्रयोगाच्या नोंदींसोबत छापले. कवीची उपमा निरीक्षण म्हणून स्वीकारणारं हे विज्ञान मला फार मोठ्या मनाचं वाटतं. डेव्ही स्वतःही कविता करायचा. वर्डस्वर्थने तर आपल्या कवितासंग्रहाच्या नव्या आवृत्तीतली विरामचिन्हं तपासायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं.

पण ध्यास त्याला कुठवर नेत होता! कार्बन मोनॉक्साइड असलेला एक वायू हुंगून तो मरता मरता वाचला, आणि त्या अवस्थेतही स्वतःची नाडी चाचपत होता. २६ डिसेंबर १७९९ रोजी तो बंद पेटीत सव्वा तास नायट्रस ऑक्साइड घेत बसला. बाहेर येऊन आणखी वायू ओढला आणि ओरडला, ‘विचारांखेरीज काहीच अस्तित्वात नाही!’

मेरी शेलीने १८१६ साली डेव्हीचं लेखन वाचलं होतं. १८१८च्या तिच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीत शास्त्रज्ञ व्हिक्टर कामात इतका बुडतो की उन्हाळा आला नि गेला, तरी त्याचं लक्ष नसतं. शेवटी तो आजारी पडतो, तेव्हा त्याची शुश्रूषा करतो तो काव्यात रमणारा मित्र क्लेर्व्हल.

डेव्हीच्या ग्रंथात मात्र एक साधं निरीक्षण पडून राहिलं. अक्कलदाढेपाशी सुजलेली हिरडी हा वायू घेतल्यावर ठणकायची थांबली होती. फार रक्त जाणार नसेल अशा शस्त्रक्रियेत तो वापरता येईल, असंही त्याने लिहिलं होतं. मला वाटतं, त्या दिव्य आनंदाच्या वर्णनांपुढे हे वाक्य फिकं पडलं. पुढे चार दशकं रोगी भूल न घेताच सुरीखाली जात राहिले.

डिसेंबर १८४४मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डला लाफिंग गॅसचा करमणुकीचा खेळ होता. वायू घेतलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला पत्ताच नव्हता. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्याने तोच वायू घेऊन स्वतःची दाढ उपटून घेतली.