पावतीविना सदोष माल परत करणे

दुकानातून घेतलेली वस्तू सदोष निघाली आणि खरेदीची पावती हाताशी नसली, तरी ती दुकानदाराकडे परत नेऊन पैसे, बदली वस्तू किंवा दुरुस्ती मागणे. ग्राहकहक्कांचे कायदे असलेल्या अनेक देशांत ही मागणी ग्राह्य आहे, कारण सदोष मालाबाबतचा हक्क विक्रीच्या व्यवहारातून उपजतो. पावती हा व्यवहार झाल्याचा एक पुरावा आहे, एकमेव पुरावा नव्हे. काउंटरवर मात्र पहिला प्रश्न ‘बिल आहे का?’ हाच असतो आणि ‘नाही’ म्हटले की बोलणे बहुधा तिथेच आटोपते.

या गोंधळाचे मूळ दोन निराळ्या गोष्टी एकाच पाटीखाली येण्यात आहे. रंग पसंत पडला नाही, माप चुकले, घरी तशीच वस्तू आधीपासून निघाली, अशा कारणांनी चांगला माल परत घेणे ही पुष्कळ ठिकाणी दुकानदाराची मर्जी असते. तो हवी ती अट घालू शकतो: पावती हवी, लेबल शाबूत हवे, आठवड्याच्या आत यावे, रोख मिळणार नाही. सदोष मालाचे तसे नाही. तिथे विक्रेत्याने कराराप्रमाणे माल दिलेलाच नसतो, आणि भिंतीवर पाटी लावून ही जबाबदारी झटकता येत नाही. ‘पावतीशिवाय माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी पहिल्या प्रकाराला शोभते. पण ती लावणारा हा फरक सांगत नाही आणि वाचणाराही विचारत नाही.

पूर्वपीठिका

सदोष मालाची सर्वांत जुनी ज्ञात तक्रार म्हणून जिचा उल्लेख होतो, ती मातीची पाटी इ.स.पू. १७५० च्या सुमाराची असून मेसोपोटेमियातील ऊर येथे सापडली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर या व्यापाऱ्याला तीत फैलावर घेतले आहे. तांबे हलक्या प्रतीचे दाखवले, वर ‘घ्यायचे तर घ्या, नाहीतर चालते व्हा’ असे निरोप्याला ऐकवले. आता लगडी माझ्या अंगणात मी एकेक पारखून घेईन आणि नको त्या नाकारीन, असा त्याचा रोख आहे. याच पाटीत आणखी एक उल्लेख येतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. दिल्या-घेतल्याची नोंद मोहोरबंद पाटीवर करून ती शमाश देवाच्या मंदिरात ठेवली होती, असे नन्नी लिहितो. म्हणजे पुरावा घेणाऱ्याकडेही नाही आणि देणाऱ्याकडेही नाही, तर तिसऱ्याच ठिकाणी. पावती हरवलेल्या आजच्या ग्राहकाचा आधार हाच असतो, फक्त मंदिराच्या जागी बँक आली आहे.

भारतीय धर्मशास्त्रात ‘क्रयविक्रयानुशय’ हे अठरा व्यवहारपदांपैकी, म्हणजे न्यायालयीन वादाच्या विषयांपैकी, एक आहे. अनुशय म्हणजे व्यवहार झाल्यावर होणारा पस्तावा. मनुस्मृती त्यासाठी सरसकट दहा दिवस देते. याज्ञवल्क्यस्मृती अधिक बारकाईने पाहते: वस्तू पारखण्यासाठी लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा दिवस. दोष उघड व्हायला जितका वेळ लागतो तितकी मुदत, हे त्यामागचे तत्त्व उघड आहे. घरी आणल्यावर वर्षभराने बिघडणाऱ्या यंत्राबाबत आजचे कायदे ज्या प्रश्नाशी झगडतात, तो हाच.

प्राचीन रोममध्ये बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ईडाइल या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांवर दोष उघड करण्याची सक्ती केली. दोष लपलेला निघाला तर सहा महिन्यांत व्यवहार मोडता येई, किंवा वर्षभरात किंमत कमी करून मागता येई. ‘मला ठाऊक नव्हते’ ही विक्रेत्याची सबब चालत नसे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ हेच सूत्र होते. १८९३ च्या मालविक्री कायद्याने विक्रीच्या करारात काही अटी न बोलताही गृहीत धरल्या. भारताचा १९३० चा मालविक्री कायदा त्याच घडणीचा आहे.

आजचे कायदे

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून ग्राहक हक्क कायदा लागू आहे. सदोष वस्तू ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर आधी दुरुस्ती किंवा बदली. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे धरले जाते आणि तसे नसल्याचे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. युरोपीय संघात मालविक्रीबाबतचा २०१९ चा निर्देश १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. त्यात ही गृहीत धरण्याची मुदत एक वर्ष आहे, सदस्य देश ती दोन वर्षे करू शकतात, आणि विक्रेत्याची जबाबदारी किमान दोन वर्षे राहते. ऑस्ट्रेलियात पावतीऐवजी बँकेचे विवरण, ऑर्डरचा क्रमांक किंवा दुकान-तारीख दाखवणारे हमीपत्र चालते. ‘परतावा नाही’ अशी सरसकट पाटी लावणे तिथे बेकायदा आहे.

भारताचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा. तो जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावर नमूद मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, नकार देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विशेष म्हणजे बिल न देणे हीदेखील त्याच व्याख्येत बसते. ज्या दुकानदाराने बिलच फाडले नाही, त्यानेच पुढे बिल मागावे, हा विनोद कायद्याने निदान ओळखला आहे.

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. विक्रीयोग्य दर्जाची अध्याहृत (न बोलताही गृहीत धरलेली) हमी बहुतेक राज्यांत आहे, पण विक्रेता ती बऱ्याच ठिकाणी ‘जशी आहे तशी’ असे लिहून वगळू शकतो. रोजच्या व्यवहारात तिथे दुकानाचे धोरणच पुढे येते.

पावती काय सांगते, काय सांगत नाही

पावती तीन गोष्टी सांगते: वस्तू कुठून घेतली, केव्हा घेतली आणि केवढ्याला घेतली. ती हरवली की हे तीन प्रश्न सुटे होतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळीकडे सापडते. ‘कुठून’ हा सर्वांत महत्त्वाचा, कारण ज्याने विकले नाही त्याच्यावर जबाबदारी टाकता येत नाही. ‘केव्हा’वर मुदत ठरते. ‘केवढ्याला’ मात्र फक्त पैसे परत मागताना लागतो. दुरुस्ती किंवा बदली मागणाऱ्याला किमतीशी काही देणेघेणे नसते. ज्याच्याकडे किमतीचा पुरावा नाही त्याने पैशांचा हट्ट न धरता बदली मागितली, तर निम्मा वाद आपोआप मिटतो. पैसेच घ्यायचे झाले तर अनेक दुकाने त्या वस्तूची अलीकडची सर्वांत कमी विक्री-किंमत धरतात.

चौथी गोष्ट पावती कधीच सांगत नाही: दोष मुळातला की वापरातला. हातात कडक कोरी पावती असली तरी हा वाद उरतोच. आपटलेला फोन आणि आतून तुटका आलेला फोन यांची पावती सारखीच असते.

तापेनाशी झालेली इस्त्री घेऊन कुणी काउंटरवर आले आहे असे समजा. पावती नाही, पण पैसे कार्डाने दिले होते. बँकेच्या विवरणात दुकानाचे नाव, तारीख आणि एकूण रक्कम दिसते. इस्त्री मात्र दिसत नाही, कारण बँकेला वस्तूशी कर्तव्य नसते. इथे दुसरा दुवा लागतो. दुकानाच्या संगणकात त्या दिवशीच्या विक्रीत तेवढ्याच रकमेचे बिल शोधले की त्यातल्या वस्तू ओळीने उलगडतात. इस्त्रीच्या बुडाशी किंवा मुठीखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर सिरियल नंबर असतो. विकताना तो स्कॅन केलेला असेल तर वस्तू आणि व्यवहार यांची गाठ पक्की बसते. सभासद-कार्ड किंवा बिलावर दिलेला मोबाइल क्रमांक यांवरूनही नोंद निघते. ‘पावती नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो की तिची एक प्रत हरवली आहे. दुसरी दुकानातच आहे, आणि ती शोधायला काही मिनिटे लागतात. नकारामागे नियम कमी आणि ही काही मिनिटे अधिक असतात.

रोखीची खरेदी सर्वांत अवघड. तिथे किमतीची चिठ्ठी, दुकानाच्या नावाचे वेष्टन, सोबत असलेल्या माणसाची साक्ष, किंवा त्या दुकानाखेरीज कुठेच न मिळणारी वस्तू असे आधार उरतात. दिवाणी दाव्यात संशयातीत सिद्धता लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढेच पाहिले जाते. भेट मिळालेल्या वस्तूचा पेच निराळा: करार देणाऱ्याने केलेला असतो, म्हणून तक्रारही सहसा त्यानेच करणे सोपे जाते. भेटवस्तूसाठी किंमत न छापलेली पावती देण्याची सोय काही दुकाने यासाठीच करतात.

वस्तू तयार करणाऱ्या कंपनीचे हमीपत्र ही स्वतंत्र बाब आहे. ‘कंपनीच्या सेवा केंद्रात जा’ असे दुकानदार सांगतो तेव्हा तो अनेक देशांत स्वतःची जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ढकलत असतो. तरी पावती नसताना हा रस्ता कधी कधी अधिक सोयीचा पडतो, कारण काही कंपन्या सिरियल नंबरवरून उत्पादनाची तारीख काढून हमीची मुदत तिथून मोजतात. काही महिने बुडतात, पण वाद टळतो.

दुकानाची बाजू

दुकानदाराची धास्ती अगदीच पोकळ नाही. फडताळावरून उचललेली वस्तू तशीच काउंटरवर आणून पैसे मागणे, एका दुकानातला माल दुसऱ्याच्या गळ्यात मारणे, नव्या वस्तूच्या खोक्यात जुनी बिघडलेली घालून आणणे, हे प्रकार सगळीकडे चालतात. म्हणून पावतीविना आलेल्याला रोख न देता क्रेडिट नोट (त्याच दुकानात तेवढ्या रकमेची खरेदी करण्याची चिठ्ठी) देणे, ओळखपत्राची नोंद ठेवणे, व्यवस्थापकाची परवानगी घेणे अशा चाळण्या लावल्या जातात. हिशेबाचीही अडचण असते: विक्रीवर भरलेला कर वळता करायचा तर मूळ बिलाचा क्रमांक लागतो. चोराला अडवणाऱ्या या चाळणीत प्रामाणिक गिऱ्हाईकही अडकते, आणि चोराकडे मात्र कधी कधी बनावट पावती तयार असते.

कागदाचे आयुष्य

गल्ल्याच्या यंत्राचे पेटंट जेम्स रिटी या अमेरिकी मद्यगृहमालकाने १८७९ मध्ये घेतले, ते नोकरांनी गल्ल्यात हात मारू नये म्हणून. छापील पावती पुढे त्याच यंत्रातून निघू लागली. तिचा जन्म असा ग्राहकासाठी नव्हे, मालकाच्या पहाऱ्यासाठी झाला.

आजची पावती बहुधा थर्मल कागदावर असते. त्यात शाई नसतेच. कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो आणि तीच अक्षरे. ऊन, तेलकट बोटे, सॅनिटायझर यांनी ती फिकी होतात. जपून ठेवायची म्हणून मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली पावती तर आणखी लवकर पुसली जाऊ शकते, कारण त्या प्लॅस्टिकमधली मऊपणा आणणारी द्रव्ये लेपात उतरतात. दोन वर्षांची हमी आणि वर्षभरात कोरा होणारा कागद अशी ही जोडी आहे. घेतल्या दिवशीच फोटो काढणे हा त्यावरचा साधा उपाय. या लेपातील बिस्फेनॉल-ए या रसायनावर युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली. फ्रान्समध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून पावती आपोआप छापली जात नाही, मागावी लागते. मात्र हमी असलेल्या टिकाऊ वस्तूंची पावती या नियमातून वगळली आहे.