डावं वळण, उजवा झुकाव : घरी बनवलेला हलता रेसिंग सिम्युलेटर

कन्नडच्या घाटात एसटी डावीकडे वळली की उभा प्रवासी उजवीकडे कलतो. चालकाने करकचून ब्रेक दाबला की सगळी गाडी पुढच्या सीटवर येते. संगणकावरच्या रेसिंगच्या खेळाबरोबर सीट हलवणाऱ्या सिम्युलेटरचं निम्मं शास्त्र एवढ्यातच आहे, आणि घरी बनवणारे नेमके इथेच चुकतात. मोटारसायकलची सवय असल्याने डाव्या वळणाला ते सीटही डावीकडे झुकवतात. मग डोळा एक सांगतो, कान दुसरंच सांगतो आणि काही मिनिटांत मळमळायला लागतं. नियम उलटा आहे. डाव्या वळणाला सीट उजवीकडे, ब्रेक मारला की पुढे, वेग घेतला की मागे.

झुकलेल्या सीटमुळे धक्का बसल्यासारखं वाटतं ते आतल्या कानामुळे. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका अंगाचं फिरणं ओळखतात. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांत चिकट थरावर चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. हे खडे मागे सरकले की मेंदू समजतो, आपण पुढे ढकलले जातोय. पण मान मागे टाकली तरी खडे तसेच सरकतात. गुरुत्वाकर्षण आणि वेगातला बदल यांत त्यांना फरक करता येत नाही. आइनस्टाइनने 1907 साली मांडलेलं समतुल्यतेचं तत्त्व इथे कानात बसलेलं दिसतं. सीट 7 अंश मागे झुकली तर पाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 12 टक्के जोर जाणवतो. खऱ्या गाडीच्या जोरदार ब्रेकला तो 80 टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतो. तरीही समोरचं चित्र आणि इंजिनाचा आवाज जुळला की उरलेलं मेंदू भरून काढतो. म्हणून मोठ्या हालचालीच्या मागे लागू नये. हालचाल थोडी, वेळेवर आणि योग्य दिशेला हवी.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी 1929 साली वैमानिकांसाठी हलता प्रशिक्षक तयार केला, तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले हवेचे भाते वापरून. सहा पायांवर डोलणारा जो मंच आज विमान कंपन्यांकडे दिसतो, त्यावर अभियंते स्ट्युअर्ट यांचा निबंध 1965 चा. त्याआधी गॉफ यांनी तशीच रचना टायर तपासायला वापरली होती. घरी सहा पायांच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नये. दोन मोटारी आणि दोन हालचाली (पुढे-मागे आणि डावी-उजवी) पुरे.

सांगाडा आणि तोल

सांगाड्याला 40 बाय 40 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्यावा. त्याचं वजन मीटरला सुमारे अडीच किलो पडतं. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या आसपासचा कोणताही फॅब्रिकेशनवाला तो कापून जोडून देईल. मात्र आधी सगळीकडे नुसते टाके मारून कर्ण मोजायला लावावेत, पूर्ण वेल्डिंग नंतर. एका बाजूने सलग वेल्डिंग केलं की चौकट पिळते, मग सीट कधीच सरळ बसत नाही. सांगाडा आणि सीट यांच्यामधला सांधा म्हणून जीपच्या प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा) दोन्ही योकांसकट, म्हणजे त्याला धरणाऱ्या काट्यांसकट, भंगारातून आणावा. तो दोन्ही दिशांना झुकतो, पण गोल फिरू देत नाही. आपल्याला हवं तेच. क्रॉसची सुई बेअरिंग हलत असतील तर नवा क्रॉस टाकावा. तिथे खटखट राहिली तर पुढे सॉफ्टवेअरमध्ये कितीही डोकं लावलं तरी ती जात नाही. सीट जुन्या छोट्या कारची, हलकी असावी.

आता तोल. बहुतेकांची मोटार जळते ती ताकद कमी पडते म्हणून नव्हे, तोल चुकतो म्हणून. बसणारा 75 किलो आणि वरचा भाग 25 किलो धरला तर 100 किलो होतात. गुरुत्वमध्य सांध्याच्या 30 सेंटिमीटर वर असेल तर 7 अंश झुकल्यावर सीट 36 न्यूटन-मीटरने (फिरवणाऱ्या जोराचं माप) आणखी कलू पाहते. पण तोच मध्य सांध्याच्या फक्त 10 सेंटिमीटर मागे राहिला, तर सीट सरळ उभी असतानाही 98 न्यूटन-मीटरचा भार कायम पडतो. मोटारी सांध्यामागे 35 सेंटिमीटरवर आणि क्रँक (मोटारीच्या शाफ्टवर बसणारी आखूड दांडी) 5 सेंटिमीटरचा असेल, तर प्रत्येक मोटारीला नुसतं धरून ठेवायलाच 7 न्यूटन-मीटर लागतात. वेग घ्यायला मग उरतं काय?

म्हणून सांधा वेल्ड करण्याआधी सीटखाली एक आडवा गोल पाइप ठेवावा, चालवणाऱ्याने पायांसकट नेहमीच्या बैठकीत बसावं आणि सीट पुढे-मागे सरकवून ती पाइपवर तोलून राहील ती जागा खुणावावी. सांधा तिथेच. घरात दोघं-तिघं खेळणार असतील तर सीटच्या खालची सरकपट्टी सांध्याच्या वर ठेवावी, म्हणजे प्रत्येकाला आपला तोल साधता येतो. उरलेल्या भाराला मागे दोन कॉइल स्प्रिंगांचा आधार द्यावा.

मोटार, क्रँक, पॉट

वर्म गिअरबॉक्स (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारा) असलेली 12 किंवा 24 व्होल्टची मोटार घ्यावी. ट्रकच्या वायपरची मोटार सुरुवातीला चालते. वर्मचा मोठा फायदा असा की वीज गेली तरी सीट सहसा धाडकन पडत नाही, आहे तिथेच थांबते. गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट मिनिटाला 60 फेरे करत असेल तर 5 सेंटिमीटरच्या क्रँकचं टोक सेकंदाला 31 सेंटिमीटर सरकतं. रस्त्यातले खड्डेही जाणवायला हे पुरेसं आहे. लांब क्रँकचा मोह होतो, पण लांबी वाढली की तेवढाच जोर घटतो.

क्रँक आडवा असताना सीट सरळ, आणि तिथून दोन्ही बाजूंना 60 अंश, त्यापुढे नाही. 90 अंशांवर क्रँक आणि त्याला सीटशी जोडणारा जोडदांडा एका रेषेत येतात. ती ओलांडली की पुढची हालचाल उलटी होते. त्याआधी रबर लावलेले लोखंडी अडथळे लावावेतच. दांड्याच्या दोन्ही टोकांना एम 10 किंवा एम 12 चे रॉड एंड (गोळ्यावर सगळीकडे वळणारे सांधे) आणि सहज न सुटणारे नायलॉक नट.

क्रँक कुठे आहे हे सांगायला 10 किलोओहमचं लिनियर पॉट (पोटेन्शिओमीटर, फिरवलं की रोध बदलणारा भाग) गिअरबॉक्सच्या शाफ्टवर थेट आणि घट्ट बसवावं. रबरी नळीने जोडू नये. ती पिळते आणि मोटार थरथरते. क्रँक आडवा असताना आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डमधलं वाचन 0 ते 1023 च्या मध्यावर, 512 च्या जवळ हवं. पॉट बहुतेक वेळ मधल्या पट्ट्यातच घासलं जातं, त्यात आपल्याकडची धूळ, त्यामुळे काही महिन्यांत तिथला कार्बन झिजतो आणि सरळ उभी सीट मधेच दचकते. चुंबकाच्या मदतीने, संपर्काशिवाय चालणारा हॉल सेन्सर थोडा महाग, पण पुन्हा उघडावा लागत नाही.

वीज

आर्डुइनो उनोवर एसएमसी3 हा प्रोग्रॅम, प्रत्येक मोटारीला आयबीटी-2 ड्रायव्हर (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर मोटारीला वीज देणारा बोर्ड), आणि संगणकावर खेळातली माहिती सीटच्या हालचालीत बदलणारं सिमटूल्स किंवा फ्लायपीटी मूव्हर. एसएमसी3 चा संवादवेग 5,00,000 बॉड आहे. दोन्हीकडे तो जुळला नाही तर काहीच हलत नाही. एफ-1 मालिकेतल्या खेळांत टेलिमेट्रीच्या (गाडीची माहिती बाहेर पाठवण्याच्या) पानावर यूडीपी चालू करावं, पोर्ट 20777, वारंवारता 60 हर्ट्झ.

मोटारीला एसएमपीएस (घरची वीज डीसीत बदलणारा पुरवठा) जोडला की नेहमीची तक्रार अशी : जोरात दिशा बदलली की पुरवठा बंद पडतो. थांबताना मोटार जनित्र होते आणि वीज उलट ढकलते. एसएमपीएसला ते जास्तीचं व्होल्टेज वाटून तो स्वतःला बंद करतो. उपाय म्हणजे मोटारी थेट 12 व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालवणं. बॅटरी उलटी वीज गिळते, पण शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते. म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच 30 अँपिअरचा फ्यूज हवा. वायर 4 चौरस मिलिमीटर. आयबीटी-2 ला धन-ऋण उलटं जोडलं तर तो क्षणात जातो. एसएमपीएसवर 115/230 चा खटका असेल तर तो 230 वर आहे ना, हे वीज देण्याआधी बघावं.

भारनियमनाच्या भागात आणखी एक धोका आहे. वीज गेली, सीट तिरपी थांबली, माणूस उतरायला लागला आणि तेवढ्यात वीज आली, की सीट झटक्यात मध्यावर येते. म्हणून मोटारींचा पुरवठा अशा रिलेमधून द्यावा जो वीज आल्यावर आपोआप चालू होत नाही, बटण दाबल्यावरच होतो. त्याच वाटेत हाताशी लाल मशरूम बटण, दाबलं की पुरवठा तोडणारं. सांगाड्याला अर्थिंग द्यावं. कोळसा-मिठाचा जुना खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला असेल तर आधी पाणी घालावं. मे महिन्यात 42 अंशांच्या खोलीत एसएमपीएस आणि ड्रायव्हर पूर्ण भार पेलत नाहीत. पंखा लावावा आणि जाळ्या महिन्याला झाडाव्यात.

पहिली चाचणी, आणि काय बिघडतं

पहिल्या दिवशी सीटवर माणूस बसवू नये. आधी क्रँक मोकळा ठेवून मोटार चालवावी, मग सीटवर सोयाबीनचा 50 किलोचा कट्टा पट्ट्याने बांधून. मोटार चालू होताच एका टोकाला पळाली तर पॉट आणि मोटार यांच्या दिशा विरुद्ध आहेत. मोटारीच्या दोन तारा किंवा पॉटच्या कडेच्या दोन तारा, यांपैकी एकच जोडी उलटवावी. दोन्ही उलटवल्या तर दोष जागच्या जागी राहतो.

ट्यूनिंगला एसएमसी3 मध्ये तीन आकडे आहेत : केपी चुकीच्या प्रमाणात जोर लावतो, केआय साचलेली चूक भरतो, केडी डोलणं आवरतो. केआय शून्य ठेवून केपी हळूहळू वाढवावा. सीट मध्याशी डुलायला लागली की एक तृतीयांशाने कमी करावा आणि मग थोडा केडी. केपी अगदी कमी असूनही डोलणं थांबत नसेल तर आकड्यांना हात लावू नये. रॉड एंड, क्रॉस किंवा पॉटची जोड सैल आहे. वीज बंद करून सीट हाताने हलवावी आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावं. खटका बोटाला कळतो.

खेळताना मधेच यूएसबी सुटत असेल तर तो मोटारीच्या ब्रशांच्या ठिणग्यांचा गोंगाट असतो. मोटारीच्या दोन टोकांमध्ये 104 चा (0.1 मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर, प्रत्येक टोकापासून कवचापर्यंत आणखी एक, मोटारीच्या तारा एकमेकींत पिळलेल्या, पॉटची तार जाळीदार आणि मोटारीच्या तारांपासून लांब. एवढ्याने बहुतेकदा सुटतं. हालचाल चित्रामागून येत असेल तर सॉफ्टवेअरमधलं स्मूदिंग (हालचालीतले झटके पुसणारी सोय) जास्त आहे. ते शून्यावर आणलं की सीट खडखडते, म्हणून एक-एक पायरीने उतरवावं. झुकाव सावकाश येऊ द्यावा, सेकंदाला 3 अंशांच्या आसपास. त्याहून फार वेगाने झुकलं की नलिकांना फिरणं कळतं आणि भास मोडतो. खड्डे आणि कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे) मात्र छोटे आणि झटपटच हवेत.

एकच मोटार तापत असेल तर सीटचा तोल त्या बाजूला कललेला आहे. नवी मोटार आणण्याआधी पाइप सीटखाली पुन्हा घालून बघावा. पहिल्या पाच तासांनंतर सगळे नट एकदा आवळावेत, विशेषतः क्रँकचा. तो ढिला पडला की आधी शाफ्टला क्रँक जखडणाऱ्या चावीची खाच खाल्ली जाते आणि मग शाफ्ट.