व्हॉल्व्ह की सॉलिड स्टेट: वॉटचा घोळ कुठून आला

१९०६मध्ये तीन इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह (आवाजाचे विजेतले संकेत मोठे करणारी काचेची निर्वात नळी) आला, १९४७च्या डिसेंबरात तेच काम करणारा छोटा ट्रान्झिस्टर. त्याच १९४७ साली एका ब्रिटिश मासिकात व्हॉल्व्हच्या हाय-फाय ॲम्पचं (ॲम्प्लिफायरचं) सर्किट छापून आलं आणि हौशी मंडळींनी ते घरोघरी बांधलं. १५ वॉट, विकृती (मूळ आवाजात ॲम्पने केलेला बिघाड) ०.१ टक्का. व्हॉल्व्ह म्हणजे ढिसाळ, असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर ॲम्प घरात शिरले (आपल्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे आख्खा रेडिओच, तो भाग वेगळा). व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला जड, महाग आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. बदल्यात सुरुवातीच्या सर्किटांत एक दोष आला. लाटेचा अर्धा अर्धा भाग वाटून घेणाऱ्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा उचलतो, त्या सांध्यावर लाट अडखळायची. मोठ्या आवाजात ते झाकून जायचं, पण हळू लावलेल्या तानपुऱ्यावर बोचायचं.

खरा घोळ मात्र पुढे झाला. वॉट कसे मोजायचे याला धरबंध नव्हता. क्षणभराची उसळी मोजून कुणीही काहीही छापायचं. म्हणून अमेरिकेत १९७४मध्ये नियम आला: ॲम्प आधी जाहीर शक्तीच्या एक तृतीयांशावर तासभर चालवा, मग सलग शक्ती मोजा, आणि स्पीकरचे ओहम, फ्रीक्वेन्सीचा पट्टा व विकृती यांसह छापा. आता हा एक तृतीयांश! नेहमीच्या सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या, ॲम्पमध्ये सर्वांत जास्त उष्णता पूर्ण शक्तीला नव्हे, साधारण त्याच टप्प्यावर निघते. त्यामुळे उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक वाढवा नाहीतर आकडा उतरवा, अशी कोंडी झाली. निर्माते कुरकुरले, आणि त्यात तथ्यही होतं. घरी तासभर इतका जोर कोण लावतं? तरी तो अंश एक अष्टमांशावर यायला २००० साल उजाडलं.

माझ्या मते नुकसान दुसरीकडेच झालं. नियमाने थापा थांबवल्या, पण विकृतीचा आकडा जाहिरातीत बसवला. मग ०.१, ०.०१, ०.००१ अशी शर्यत लागली. एकाच ३००बी व्हॉल्व्हचा आठेक वॉटचा ॲम्प त्या रांगेत उभाच राहू शकत नाही. त्याची विकृती टक्क्यांत असते, पण ती बहुतेक दुसऱ्या हार्मोनिकची (मूळ सुराच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीची), म्हणजे षड्जावर वरचा षड्ज. शिवाय ताण आला की व्हॉल्व्ह लाटेचा माथा गोलवतो, ट्रान्झिस्टर तो सुरीने कापतो. '१५ वॉटचा व्हॉल्व्ह ३०सारखा वाजतो' ही म्हण त्यातूनच आली. तसं १५ आणि ३० वॉटमधलं अंतर फक्त ३ डेसिबलचं आहे, हे दोन्ही बाजू विसरतात.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात डेकवर 'पीएमपीओ' (क्षणभराच्या उसळीचे फुगवलेले वॉट) चिकटला आणि तळहाताएवढे स्पीकर हजार वॉटचे झाले. पुण्याच्या बुधवार पेठेतून २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी किंवा एसटीकेचा आयसी (तयार ॲम्प-चिप) आणून ॲम्प बांधणारे त्याला हसायचे. त्यांना वीजपुरवठ्याचा ट्रान्सफॉर्मर हातात घेतला की वजनावरून वॉट कळायचे.

२०२२मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने व्हॉल्व्हचे भाव भडकले. २०२४मध्ये अमेरिकेचा नियम पुन्हा बदलला: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती एक टक्क्याच्या आत. या मापाने त्या ३००बीच्या खोक्यावर आठ वॉट छापणं अवघडच.