नाव (पंचगंगा-कृष्णाकाठची)

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा व कृष्णा या नद्यांच्या पात्रातून माणसे, वैरण, धान्य आणि प्रसंगी जनावरे पैलतीरी नेणारी सपाट तळाची लाकडी होडी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या पाण्याने प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा बनते; पुढे नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेस मिळते. नदी पायी ओलांडण्याच्या जागेस 'उतार' आणि नावेने ओलांडण्याच्या जागेस 'तर' असे जुने शब्द आहेत. 'तर' हा संस्कृत 'तॄ' (पार होणे) या धातूवरून आला, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो नावाड्याच्या नावाविषयी. शिरोळ तालुक्यात आणि पलीकडे सांगलीकडे नाव चालवणाऱ्यांना 'अंबी' किंवा 'आंबी' म्हणतात. ते आडनावही आहे. काही जण हा शब्द संस्कृत 'अंबु' (पाणी) यापासून आल्याचे मानतात. पण मराठी मुलखात इतरत्र नावाड्याला कोळी किंवा भोई म्हणतात आणि 'अंबी' हा शब्द कन्नडच्या सीमेलगतच ठळकपणे आढळतो, ही गोष्ट बोलकी आहे. कन्नडमध्ये 'अंबि' म्हणजे नाव आणि 'अंबिग' म्हणजे नावाडी. तमिळमध्येही 'अंबि' म्हणजे तराफा किंवा होडी. लिंगायत संत बसवण्णांचे समकालीन मानले जाणारे, म्हणजे बहुधा बाराव्या शतकातले, वचनकार (कन्नड वचने रचणारे) अंबिगर चौडय्या हे नावाडी होते व त्यांच्या नावातच हा शब्द आहे. त्याच सुमारास कोल्हापूरवर राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या लेखांतही कन्नडचा भरपूर वापर आहे. त्यामुळे 'अंबी' हा शब्द कृष्णेच्या प्रवाहाविरुद्ध, खालच्या मुलखातून वर आला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 'होडी'चेही तसेच आहे: संस्कृत कोशांत 'होड' आहे, तर दक्षिणेकडील भाषांत 'ओड', 'ओडम' आहेत, देणे कोणाचे आणि घेणे कोणाचे हे ठरवणे कठीण. 'डोण' मात्र स्पष्ट आहे. संस्कृत 'द्रोणी'वरून आलेला हा शब्द कन्नडमध्ये 'दोणि' म्हणून नावेसाठी रुळला; मराठीत जनावरांना पाणी पाजण्याचे दगडी पात्र असा त्याचा अर्थ राहिला.

कोकणातल्या मचव्याला तळाशी पठाण, म्हणजे कण्याचे लांब लाकूड असते. नदीच्या नावेला ते नसते. तळ सपाट आणि दोन्ही टोके उचललेली असतात. त्यामुळे ती गुडघाभर पाण्यातही काठाला लागते आणि न वळवता परत फिरते. फळ्यांना सागवान उत्तम समजतात. उथळ पाण्यात वेळूने रेटा देतात, खोलात वल्हे मारतात. ओढ जोराची असली तर नावाडी समोरच्या काठाचा नेम धरत नाही. तो आधी काठाकाठाने नाव बरीच वर नेतो आणि मग तिरकी सोडतो; पाणीच तिला खाली ढकलत नेमक्या घाटावर आणून ठेवते. हे गणित दरवर्षी बदलत्या पात्रात नव्याने मांडावे लागते.

नावेचे आयुष्य ठरते ते उन्हाळ्यातल्या डागडुजीवर. पाणी उतरले की ती काठावर ओढून पालथी घालतात. लाकूड वाळले की सांधे उघडतात. जाणता नावाडी प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवत जातो. जिथे नख आत शिरते तिथे कापूस किंवा काथ्या ठोकून बसवतो आणि वरून राळ-तेल अथवा डांबर देतो. कुजकी फळी तेवढीच काढतात, बाकीच्यांना हात लावत नाहीत. नंतर नाव काही दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि सांधे आपोआप मिटतात. पहिल्या दिवशी टमरेलाने पाणी उपसावे लागले तर काळजी नसते; आठवडाभर उपसावे लागले तर कुठेतरी फळी हुकली आहे असे धरून चालतात. अशी निगा राखलेली नाव बापाकडून मुलाकडे येते.

१८७० च्या दशकात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीजवळ दगडी कमानींचा पूल (आजचा शिवाजी पूल) झाला आणि शहराच्या तोंडची 'तर' मागे पडली. खेड्यांतल्या नावेवर खरा परिणाम केला तो कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याने. पावसाळा संपला की खांबांमधल्या खाचांत बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवतात, आणि वरची वाट पुलासारखी वापरतात. म्हणजे वर्षाचे जवळजवळ आठ महिने नावेचे काम बंधारा करतो. पावसाळ्याआधी बरगे काढतात. पाणी चढले की बंधारा बुडतो आणि पैलतीरी जायला पुन्हा नावच उरते. बंधाऱ्याने नाव संपवली असे सरसकट म्हणतात, ते यामुळे पूर्ण खरे नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यावर रस्ते व पूल वाढत गेले.

नरसोबाच्या वाडीला नावेला वेगळे महत्त्व आहे. समोर पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड, कृष्णेपलीकडे अमरेश्वराचे मंदिर. दोन्हीकडे जाण्याची भाविकांची जुनी वाट पाण्यावरूनच आहे. गुरू कन्या राशीत आला की दर १२ वर्षांनी कन्यागत, म्हणजे कृष्णास्नानाचे पर्व, भरते (अलीकडे २०१६).

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ मध्ये ५६ फुटांच्या आसपास. यांत्रिक रबरी बोटी पोहोचेपर्यंत गावोगावी लोक हाताशी असेल त्यावर बाहेर पडतात; त्यात गुऱ्हाळाची काहीलही असते. उसाचा रस आटवायची ही रुंद कढई चांगली तरंगते, पण तिला पुढचे-मागचे टोक नसते. एका अंगाने वल्हे मारले की ती जागीच गरगरते, म्हणून दोघांनी समोरासमोर बसून दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वल्हवावे लागते, आणि मुले व म्हातारी माणसे मधोमध, तळाशी बसवतात.